नळी लांबवून विष संपत नाही

तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सुमारे ७ किलोमीटर आत नेऊन सोडायचे, म्हणजे किनाऱ्याचा प्रश्न सुटेल, असे सांगितले जाते. खोल पाण्यात सगळे विरून जाते म्हणे. कुजणाऱ्या सेंद्रिय मळापुरते ते खरेही आहे. जिवाणू तो खातात, भरती-ओहोटी पांगवते. पण जड धातू कुजत नाहीत.

हे जपानने भोगले आहे. मिनामाताचा चिस्सो कारखाना १९३२पासून मिथिल पाऱ्याचे सांडपाणी खाडीत सोडत होता. कोळ्यांच्या वस्तीतली मांजरे झोकांड्या खात मरू लागली. मग माणसांचे हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली, नजर आक्रसली. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५८मध्ये कंपनीने सांडपाण्याचे तोंड हलवून नदीच्या मुखाशी नेले, आणि पुढच्याच वर्षी तिकडच्या गावांतही रुग्ण निघाले. पांगलेला पारा लहान माशांत, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत साठत ताटात आला. आईच्या नाळेतून पोटातल्या बाळालाही पोचला. म्हणून पाण्याचा नमुना ठीक निघाला तरी मासळी ठीक असेलच असे नाही.

‘आधी पुरावा आणा’ असे मच्छीमारांना सुनावले जाते. पुरावा कुणाच्या कपाटात असतो? १९५९ साली कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनी एका मांजराला अन्नातून कारखान्याचे सांडपाणी दिले. त्या ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच रोग झाला. कंपनीने हे दडपले. विष १९६८पर्यंत वाहत राहिले.

शुद्धीकरण परवडत नाही, हा शेवटचा बचाव. पण ते न केल्याची किंमत पाहा: मिनामाताचा पारा मिसळलेला गाळ उपसून ५८ हेक्टर भराव घालायला १९७७ ते १९९० एवढा काळ आणि सुमारे ४८.५ अब्ज येन लागले.

जहाजातून समुद्रात कचरा टाकण्याबाबत १९९६च्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराने नियमच उलटवला: यादीत नाव असेल तेवढेच टाकता येईल, बाकी सगळे बंद. किनाऱ्यावरून जाणारी नळी मात्र त्यातून सुटली. तिलाही हाच नियम लावा. निर्धोकपणा कारखान्याने सिद्ध करावा. प्रत्येकाचे सांडपाणी त्याच्याच फाटकाशी तपासा, कारण सामूहिक प्रक्रिया केंद्रात एकत्र झाल्यावर कुणाचे काय होते हे शोधणे कठीण. आणि पाण्याबरोबर बोंबील, कोळंबी, निवटीही दर हंगामात प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर मराठीत लावा.