सहलीचा घाट

सुट्ट्या जोडून आल्या की आम्हा वाईकरांना ते कॅलेंडर न पाहताच कळते. सकाळी दूध आणायला बाहेर पडावे, तर नाक्यावर पुण्या-ठाण्याच्या नंबरांच्या गाड्यांची रांग लागलेली असते. एखादी काच खाली होते आणि आतून प्रश्न येतो, "भाऊ, महाबळेश्वर अजून किती?" "बत्तीस किलोमीटर," असे मी सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. त्याच्या हिशेबी हा तासाभराचा प्रश्न. पुढचे मी सांगत नाही. सांगितले म्हणून तो थोडाच माघारी फिरणार आहे!

पण गंमत अशी की, २०२५ साली हाच हिशेब आमच्या वर्गातल्या मंडळींनीही केला. त्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला आणि मग रविवार. एवढे जुळून आल्यावर आमच्या कट्ट्यावर सहलीचा घाट घातला गेला नसता तरच नवल. एकाच्या मामाची जीप मिळणार होती. वहीच्या शेवटच्या पानावर बेत उतरला: शुक्रवारी झेंडावंदन आटोपून निघायचे, पाचगणीला नाश्ता, प्रतापगड, मग आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि दिवेलागणीला समुद्र. शनिवारभर समुद्र. रविवारी त्याच वाटेने परत.

कागदावर बेत मोठा देखणा दिसत होता. किलोमीटर होते, पेट्रोल होते, माणशी वर्गणी होती. नव्हता तो फक्त थांबण्याचा वेळ. त्यातून दिवस पावसाळ्याचे. जुलै २०२१ मध्ये याच आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, याची मी आठवण करून दिली. त्यावर "तू घरीच बस आणि भजी खा," असा ठराव एकमताने संमत झाला.

मी भित्रा असेनही. पण माझ्या बोलण्यामागे एक कारण होते, ते त्या दिवशी मी सांगितले नाही. २६ जानेवारी २०२४, वारही शुक्रवारच. माझी आजी भिलारला काकांकडे असते. सकाळी अंगणात पाय घसरून ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. काकांनी शेजाऱ्यांच्या जीपमध्ये तिला निजवून वाईची वाट धरली. एरवी हे पाऊण तासाचे अंतर. त्या दिवशी पसरणीचा घाट उतरून खाली यायला तीन तास लागले. वर जाणाऱ्यांची रांग तर होतीच. पण रांगेत उभे राहणे ज्यांना कमीपणाचे वाटले, त्यांनी उतरणाऱ्यांच्या बाजूनेही गाड्या घातल्या होत्या. काका खाली उतरून हात जोडत होते. एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "आमचेही हॉटेलचे बुकिंग आहे हो!" आजी प्रत्येक धक्क्याला देवाचे नाव घेत होती. आता ती काठीने चालते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की सहल आखताना माणसे दोन गोष्टी मोजतात, अंतर आणि खर्च. तिसरी गोष्ट राहून जाते. आपण ज्या रस्त्याने जाणार तो कोणाचा तरी रोजचा रस्ता आहे, हे काही वहीत येत नाही.

"मग लोकांनी हिंडूच नये की काय?" असे कोणी विचारील. तसे मी कसे म्हणेन? काकांच्या स्ट्रॉबेरीला गिऱ्हाईक लागते ते याच गाड्यांतून उतरणारे. भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले तेव्हा सर्वांत जास्त आनंद आम्हालाच झाला. माणसे यावीत. पण घाटात चार गाड्यांनी पुढे जाण्यासाठी समोरून येणाऱ्याची बाजू अडवू नये. जमल्यास उजाडायच्या आत घाट चढावा, परतताना रविवारची संध्याकाळ टाळावी. आणि दोन दिवसांत पाच ठिकाणे कोंबण्यापेक्षा तीन सरळ खोडून टाकावीत. खोडायला मात्र फार जड जाते; आमच्या वहीतले तर एकही नाव कोणी खोडू देईना.

शेवटी मी अख्खे पानच उलटले. सगळे पश्चिमेला जातात, तर आपण पूर्वेला जाऊ, असे सुचवले. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले तिथले संग्रहालय आपल्याच जिल्ह्यात असून आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्प एका खेडेगावच्या टेकडीवर आहे, हे कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसावे, याची थोडी लाजही वाटली. शिवाय स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत जायला याहून योग्य गाव कोणते? गांधीजींच्या सल्ल्याने याच संस्थानाने १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला होता. सुट्टीत दरवाजा उघडा असेल की नाही, हे आधी विचारून घ्यावे लागले, एवढीच काय ती आखणी.

दोघे रुसून समुद्रालाच गेले. आम्ही तिघे रविवारी सकाळी निघून यमाईचे दर्शन घेऊन, चित्रे पाहून दिवस मावळायच्या आत वाईला पोचलो. नाक्यावर घाट उतरणाऱ्यांची रांग तशीच होती. रात्री साडेदहाला समुद्राकडच्या एकाचा फोन आला. तो पाचगणीच्या अलीकडे अडकला होता आणि मला विचारत होता, "वाई अजून किती रे?"