चर्चगेटचं चर्च आणि आपला बाहेर ठेवलेला भाऊ

गोवंडीच्या पोरांनो, हार्बर पकडून सीएसएमटीला उतरा आणि फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल बघून या. पाया घातल्यावर चाळीसेक वर्षं बिनछपराचं पडलेलं, 1718 च्या नाताळात उघडलं. चर्चगेट हे नाव याच्यामुळंच. आत भिंतीभर संगमरवर, कंपनीच्या साहेबांच्या नावानं. दगड वाहणाऱ्याचं नाव? शोधा, नाय सापडायचं.

साहेब गेले. पण जातीला विटून ख्रिस्ती झालेला आपला भाऊ इथंच आहे. 1950 च्या आदेशानं त्याला अनुसूचित जातींच्या बाहेर ठेवलं. 1956 साली शीख आत आले, 1990 साली आपण बौद्ध. तो बाहेरच. क्रूस बघून जात विचारणारा थांबतो काय? मग आपल्या मोर्च्याच्या मागण्यांत त्याचं नाव का नाही?