फोटोच्या पाठीवरचे मराठी

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये राज्यातील ज्यू समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. दर्जा मिळाला तेव्हा समाज मात्र ओसरलेला होता. २०११ च्या जनगणनेत देशभरात मिळून पाच हजार ज्यूही भरले नाहीत. यातले बरेचसे मराठी बोलणारे बेने इस्रायल. पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. रोहेकर, पेणकर, चेऊलकर ही आडनावेच त्यांची गावे सांगतात.

१९४८ नंतर यातली बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. ट्रंकेत कपड्यांबरोबर फोटोही गेले. त्या फोटोंतल्या आजीबाई नऊवारीत आहेत, गळ्यात मंगळसूत्र आहे. कोणी रेल्वेत, कोणी पलटणीत, कोणी टपालखात्यात नोकरी केलेली. फोटोच्या मागे नाव, गाव, प्रसंग लिहिलेला असतो तो बहुधा मराठीत, क्वचित मोडीतही. आणि ज्या नातवंडांच्या कपाटात आज हे फोटो आहेत, त्यांची भाषा हिब्रू आहे.

खरा प्रश्न येथे आहे. कागद टिकवण्याचे तंत्र आता सोपे झाले आहे. स्कॅनर घरोघरी पोचला. पण चेहऱ्याची प्रत निघते, ओळखीची निघत नाही. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला एवढे ठाऊक आहे की, नाव आणि तारीख नसलेला कागद कितीही देखणा असला तरी पुरावा होत नाही. कादंबरीकाराला अनोळखी चेहऱ्याला नाव देण्याची मुभा असते. कुटुंबाच्या इतिहासात ती नाही.

नोंदीचे मोल या समाजाला पूर्वीच कळले होते. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. मधली चाळीस वर्षे कोणीतरी ते बाड सांभाळले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

तेव्हा हे काम केवळ ज्यूंचे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. फोटो तिकडे आहेत, पण त्यामागचा मजकूर वाचू शकणारी माणसे इकडे आहेत. मोडी जाणणारे तर झपाट्याने कमी होत आहेत. आपली विद्यापीठे, ग्रंथालये आणि कोकणातल्या इतिहास मंडळांनी पुढाकार घेतला, तर दोन्ही बाजूंच्या प्रती जुळवून हे वाचन होऊ शकेल. मात्र स्कॅन करताना पाठीमागची बाजूही घेतली पाहिजे. ती बहुतेक जण वगळतात.

सोलापूरकरांना हे दूरचे वाटू नये. तेलंगणातून मागावर आलेल्या आपल्या पद्मशाली कुटुंबांच्या जुन्या फोटोंमागे तेलुगू अक्षरे असतील, तर मराठी वा इंग्रजी शाळेत शिकलेली किती नातवंडे ती वाचू शकतील?

उपाय खर्चाचा नाही. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे, एकेक फोटो दाखवून नावे विचारावीत आणि फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेन नको, चिकटपट्टी नको. जे आठवत नाही तेथे जागा कोरी सोडावी. या कामाला सवड नंतर मिळेल. सांगणारा मिळेलच असे नाही.