हर्मायनीची चूक

हॅरी पॉटरमधली हर्मायनी राबणाऱ्या एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढते, बिल्ले विकते. मित्र हसतात (हा अनुभव आपल्यालाही आहेच). पण तिची खरी चूक वेगळी: एल्फांना काय हवंय, हे तिने आधी विचारलंच नाही.

मरोळला लागूनच आरे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी तिथे रातोरात झाडं तोडली गेली, विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. आपण तेव्हा स्टेटस ठेवले. आरेतल्या आदिवासी पाड्यांवर मात्र कितीजण गेलो? या रविवारी जाऊ या. बॅनर नको. आधी त्यांचं ऐकू.