इलेक्ट्रिक बाईक घ्यायचीय? रेंज नंतर बघा, आधी वर्कशॉप किती लांब ते बघा!

खोपोली लोकल चुकली की काय होतं, हे कर्जत-खालापूरच्या पोरांना वेगळं सांगायला नको. कर्जत ते खोपोली एकेरी मार्ग. मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही चार स्टेशनं. गाड्या इतक्या मोजक्या की एक सुटली तर पहिलं लेक्चर गेलंच समजा. पनवेलच्या कॉलेजला जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. चौकवरून रस्त्याने सुमारे ३० किमी, जाऊन-येऊन ६०. कशेळे, कडाव भागातून निघालात तर वर अजून वीस-पंचवीस.

मग घरात विषय निघतोच. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे, इलेक्ट्रिक घेऊया का? लगेच मित्रांचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं ही घे, हिची रेंज दीडशे आहे. कुणी म्हणतं ती घे, तिचा पिकअप भारी आहे. पण आपल्याला गाडी रविवारी फिरायला नकोय. ती महिन्याला चौदाशे किमी पळायची आहे, पावसातसुद्धा, आणि तिच्यावर आपली अटेंडन्स अवलंबून आहे. कर्जाच्या कागदावर सही बहुतेक वेळा बाबांची असते. त्यामुळे ‘सगळ्यात भारी कोणती’ यापेक्षा ‘रोज घरी परत आणणारी कोणती’ हा प्रश्न महत्त्वाचा.

बचत आहे, पण नीट मोजा

आधी पैशांचं बघू. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये साधारण ३० किमी जाते. म्हणजे ६० किमीला दोन युनिट, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून सव्वादोन. युनिटला १० रुपये धरले तरी रोजचे वीस-पंचवीस रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला ४५ किमी देत असेल तर त्याच अंतराला १३५ ते १४० रुपये लागतात. महिन्यात २४ दिवस कॉलेज धरलं तर अडीच ते पावणेतीन हजारांची बचत. हा आकडा खरा आहे आणि मोठाही आहे.

पण बाजूचं चित्र बदलतंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे, म्हणजे दोन्हींतलं अंतर कमी झालं. केंद्राचं अनुदानही आटत गेलं. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत सुरुवातीला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला ५,००० रुपये मिळत होते. एप्रिल २०२५ पासून ते २,५०० झाले, आणि एका गाडीला जास्तीत जास्त ५,०००. दुचाकींसाठी या अनुदानाची मुदत ३१ मार्च २०२६ ठरवलेली. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात दुचाकीला किमतीच्या १० टक्के, कमाल १० हजार रुपये आणि रोड टॅक्स माफी अशी तरतूद आहे. शोरूमवाला ‘सबसिडी धरून’ किंमत सांगतो तेव्हा कोणती सबसिडी, ती बिलातून वजा होणार की नंतर मिळणार, हे लिहून घ्या. (त्याच धोरणातली एक्स्प्रेस-वेची टोलमाफी चारचाकी आणि बसला आहे. दुचाकीला तिथे मुळात प्रवेशच नाही.)

हल्ली बॅटरी भाड्याने देण्याची नवी पद्धतही आलीय. गाडी स्वस्तात घ्या, बॅटरीचे किमीमागे साधारण एक रुपया भरा. ऐकायला छान वाटतं. पण आपण महिन्याला १,४४० किमी चालवणार, म्हणजे निम्मी बचत तिकडेच गेली. ही योजना कमी चालवणाऱ्यांसाठी ठीक आहे, लांब जाणाऱ्यांनी आधी कॅल्क्युलेटर काढावा.

जाहिरातीतली रेंज आणि चौकच्या रस्त्यावरची रेंज

जाहिरातीत छापलेला आकडा बहुतेक वेळा ‘आयडीसी’ चाचणीतला असतो. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या परिस्थितीत घेतलेली ही चाचणी. रस्त्यावर तेवढी रेंज मिळत नाही. एथर कंपनी तर स्वतःच दोन आकडे देते. ३.७ किलोवॅट-तास बॅटरीच्या रिझ्टाची चाचणीतली रेंज सुमारे १६०, तर रोजच्या वापरातली १२५ किमी. म्हणजे जवळपास २० टक्क्यांची घट कंपनीलाच मान्य आहे. दुसरा आकडा न देणाऱ्या कंपनीच्या गाडीचा हिशोब करताना तुम्ही स्वतःच एवढं कापा.

आपल्या भागात रेंज खाणारी मोठी गोष्ट कोणती? सगळे म्हणतील, घाट. खोपोलीहून लोणावळ्याला जाणाऱ्यांसाठी हिशोब करून बघू. खंडाळ्यापर्यंत चढ साधारण साडेचारशे ते पाचशे मीटरचा. गाडी आणि चालवणारा मिळून १९० किलो धरले, तर एवढं वजन वर न्यायला बॅटरीतली सुमारे ०.३ युनिट वीज जाते. म्हणजे नऊ-दहा किमीची रेंज. मागे मित्र बसला तर बारा. लक्षात ठेवायला हवं, पण घाबरण्यासारखं नाही, कारण उतरताना थोडी वीज परतही मिळते.

खरी चोरी होते ती सरळ रस्त्यावर. कर्जत-चौक रस्ता रुंद आणि मोकळा मिळाला की हात आपोआप पिळला जातो. ताशी ४५ वरून ६५ वर गेलात की हवेचा विरोध दुपटीपेक्षा थोडा जास्तच होतो. वर समोरून पावसाळी वारा आणि अंगावर फुगलेला रेनकोट. टेस्ट राइड गल्लीत न घेता याच रस्त्यावर घ्या, आणि सुरुवातीचा व शेवटचा बॅटरीचा टक्का लिहून ठेवा.

आता वयाचं बघू. बॅटरी दरवर्षी थोडी थोडी मावळते. काही कंपन्या आठ वर्षं किंवा ८० हजार किमीची वॉरंटी देतात, पण त्यात हमी मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांची असते. म्हणजे आज ९० किमी देणारी गाडी ६३ वर आली तरी कंपनीच्या लेखी ती ठणठणीत आहे! यावरून एक सोपा नियम निघतो : रोजच्या जाण्या-येण्याच्या दीडपट खरी रेंज हवी. ६० किमीला ९०. त्यापेक्षा कमी असेल तर तिसऱ्या वर्षी तुम्ही चार्जर शोधत फिराल. त्यापेक्षा खूप जास्त असेल तर न वापरलेल्या बॅटरीचे हप्ते भराल.

रात्री लाईट गेली तर?

खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि तिथली वीज मुंबईला गेली. १९२२ मध्ये भिवपुरीचं आलं. शंभर वर्षं मुंबईला वीज पुरवणाऱ्या आपल्या तालुक्यांत पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की वाडी-पाड्यावर मेणबत्ती शोधावी लागते, हाही विनोदच. ईव्हीवाल्याला मात्र यात हसू येत नाही. सव्वादोन युनिट भरायला ७५० वॅटच्या चार्जरला तीन तास लागतात. म्हणून घरी आल्यावर गाडी थोडी थंड झाली की लगेच लावायची सवय हवी. ‘झोपताना लावू’ म्हणाल आणि रात्री लाईट गेली, तर सकाळी अडकाल.

दुसरा प्रश्न, लावणार कुठे? घराला अंगण असेल तर चांगलं अर्थिंग असलेला प्लग पॉइंट तिथे काढून घ्या. चाळीत किंवा बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर काढता येणारी बॅटरी सोयीची, पण दहा-बारा किलो वजन रोज जिन्यावरून न्यायची तयारी ठेवा. आणि ती घरात चार्ज करताना जपून. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. त्या वर्षीच्या आगींच्या घटनांनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे ‘एआयएस-१५६’ नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुनी गाडी घेणार असाल तर ती या तारखांच्या आधीची की नंतरची, हे पहिल्यांदा बघा. एक्स्टेन्शन बोर्डवर, झोपायच्या खोलीत, बाहेर जायच्या वाटेत बॅटरी लावायचीच नाही.

पावसाबद्दल ‘आयपी६७’ हा शब्द ऐकाल. म्हणजे तो भाग एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जात नाही. ही चाचणी साध्या, स्थिर पाण्यातली. उल्हास नदीचं गढूळ पाणी रस्त्यावर आलं असताना गाडी घालण्याचा तो परवाना नाही. शिवाय बॅटरीला आयपी६७ असलं म्हणून चार्जरला असेलच असं नाही.

बिघडली तर न्यायची कुठे?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. पेट्रोलची गाडी कशेळ्यात बंद पडली तरी कुणीतरी गॅरेजवाला प्लग साफ करून ती सुरू करतो. इलेक्ट्रिक गाडीचा कंट्रोलर गेला की कंपनीचा माणूस, कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचा पार्ट लागतो. तो येईपर्यंत गाडी उभी आणि तुम्ही पुन्हा खोपोली लोकलच्या भरवशावर, हप्ता मात्र सुरूच.

ही भीती हवेतली नाही. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे ओला इलेक्ट्रिकबद्दल १०,६४४ तक्रारी आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस दिली. ९९ टक्के तक्रारी सोडवल्याचं कंपनीने सांगितलं. पण २०२४ मध्ये देशात सर्वाधिक ई-स्कूटर विकणारी ही कंपनी २०२५ मध्ये टीव्हीएस, बजाजच्या मागे पडली. दुसरं उदाहरण हिरो इलेक्ट्रिकचं. (‘विडा’ बनवणारी हिरो मोटोकॉर्प वेगळी.) काही वर्षांपूर्वी ही विक्रीत पहिली होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आठ वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी आठ वर्षं टिकायला हवी ना!

म्हणून शोरूम आणि वर्कशॉप या दोन वेगळ्या गोष्टी समजा. शोरूम जवळ असेल, पण बॅटरी उघडून बघणारं वर्कशॉप पनवेल, बदलापूर की थेट कल्याणला? अर्ध्या बॅटरीत तिथवर पोहोचता आलं पाहिजे. नाहीतर टेम्पोचं भाडं कोण देणार, ते आधी विचारा. थोडी कमी रेंज, थोडा कमी पिकअप, पण वर्कशॉप रोजच्या वाटेवर असेल तर लांबच्या प्रवासाला तीच गाडी बरी.

‘लायसन्स नको, पासिंग नको’वाली गाडी

स्वस्त गाड्यांचा हा मोह पहिल्या वर्षाच्या मुलांना फार होतो. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किमीपर्यंत असेल तरच ही सूट मिळते. गावातल्या गावात ती ठीक. पण पनवेलला जायला सव्वा तास लागेल, आणि तोही ट्रेलरच्या शेजारून २५ च्या वेगाने. काही जण फेरफार करून वेग वाढवून देतात. २०२२ मध्ये परिवहन विभागाने अशा गाड्यांवर राज्यभर कारवाई केली होती. वेग वाढवला की ती कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि नोंदणी, विमा नसताना अपघात झाला तर भरपाई घरच्यांच्या खिशातून जाते. यातल्या काही गाड्यांत लेड-ॲसिड बॅटरी असते. रोजच्या ६० किमीसाठी तिचा विचारही नको.

आणि लोकल आली तर?

पनवेल-कर्जत लोकल मार्गाचं काम एमयूटीपी-३ मध्ये सुरू आहे. लांबी सुमारे ३० किमी. स्टेशनं पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत. डिसेंबर २०२५ ची मुदत सांगितली जात होती. हा मार्ग सुरू झाला की पनवेलला जाणाऱ्यांचं सगळं गणित उलटेल. विद्यार्थी पासाच्या पैशांत कुठलीही गाडी बसत नाही, इलेक्ट्रिकसुद्धा. मग गाडी लागेल ती फक्त गावापासून कर्जत किंवा चौक स्टेशनपर्यंत.

याचा अर्थ आज गाडी घेऊच नका असा नाही. पण तुम्ही शेवटच्या वर्षाला असाल, किंवा घर चौकच्या आसपास असेल, तर पाच हजार युनिट विजेची स्वप्नं बघत मोठ्या बॅटरीसाठी चार वर्षांचं कर्ज काढू नका. मधल्या बॅटरीची गाडी आणि दोन वर्षांचा हप्ता पुरेल. खोपोली-कर्जत किंवा रसायनीकडे जाणाऱ्यांना या लोकलचा फारसा उपयोग नाही, त्यांनी दीडपटीचाच नियम पाळावा.

शोरूममध्ये विचारायचे पाच प्रश्न

१. रोजच्या वापरातली रेंज किती? लेखी द्याल का?

२. बॅटरीची वॉरंटी किती किमीची? माझे वर्षाला १५-१७ हजार किमी होतात, म्हणजे ती किती वर्षांत संपेल?

३. बॅटरी आणि कंट्रोलरचं काम कुठल्या वर्कशॉपमध्ये होतं? गाडी उभी राहिली तर तिथवर कोण नेणार?

४. ॲप आणि सॉफ्टवेअरचे पैसे पहिल्या वर्षानंतर किती?

५. वॉरंटीनंतर नवी बॅटरी आज घेतली तर किती रुपये?

पाचव्या प्रश्नाला सेल्समन ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणाला, तर पाणी पिऊन बाहेर या. आणि पैसे भरण्याआधी एक काम नक्की करा. कॉलेजच्या पार्किंगमध्ये त्याच मॉडेलची, १५ हजार किमी पळालेली गाडी शोधा आणि तिच्या मालकाला विचारा, मागच्या पावसाळ्यात ही किती दिवस उभी होती? त्याचं उत्तर कुठल्याही ब्रोशरपेक्षा जास्त कामाचं असेल.