'सेटलमेंट'वर सही करण्यापूर्वी

क्रेडिट कार्डाची थकबाकी मिटवली की सुटलो, हा समज घात करतो. वसुलीवाला म्हणतो, 'निम्मे भरा, मिटवून टाकू.' आम्हीही पूर्वी सभासदांना हेच सांगत होतो, चुकलो. अशा तडजोडीची नोंद सिबिलकडे 'सेटल्ड' अशी होते, आणि पुढे मुलीच्या शिक्षणाचे कर्जही त्यावर अडू शकते. उरलेली रक्कम भरून 'नो ड्यूज' पत्र घ्यावे व नोंद 'क्लोज्ड' करून मागावी. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तक्रारीनंतर ३० दिवसांत चूक दुरुस्त न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२४ पासूनचा नियम आहे. जुनी बँक नवे कार्ड देण्यास बांधील नाही. तोवर मुदत ठेवीवरचे कार्ड घेऊन बिल दरमहा पूर्ण भरावे. अर्ज लिहिण्यास शाखा सचिव मदत करतील.