इब्न सीना पुरे, आता बेलासिस रोडबद्दल बोलू

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर ठरलेलं असतं. इब्न सीना, अल-राझी, जाबिर इब्न हय्यान, अल-जहरावी. चार पगडीवाले चेहरे, मागे हिरवा रंग आणि खाली ओळ: जगाला विज्ञान आम्ही शिकवलं. पंधरा-वीस जण 'माशाअल्लाह' टाकतात आणि ग्रुप क्रिकेटकडे वळतो. समोरच्या गोटात दुसरं पोस्टर फिरत असतं: या लोकांनी देशाला काय दिलं? मग आपला एखादा पोरगा चिडून पहिलं पोस्टर दुसऱ्याखाली चिकटवतो. झाला वाद, झालं उत्तर.

ती माणसं थोरच होती. देवी आणि गोवर हे दोन निराळे आजार आहेत, हे अल-राझीने स्पष्ट मांडलं तेव्हा युरोपात त्याची गंधवार्ता नव्हती. पण रय, बुखारा आणि कुर्तुबा ही नावं तोंडपाठ असलेल्या नागपाड्याच्या मुलाला विचारा, की तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर बेलासिस रोडवर काय घडलं? तो म्हणेल, तिथून मुंबई सेंट्रलला जाता येतं.

१९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' नावाची कंपनी काढली. आज तिला सिप्ला म्हणतात. तिचं काम चाललं ते याच बेलासिस रोडवर. हमीद अलीगढचे, असहकार चळवळीत कॉलेज सोडलेले, जामिया मिलियाच्या सुरुवातीच्या काळात तिथे रसायनशास्त्र शिकवलेले आणि पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतलेले. पत्नी लिथुआनियातली ज्यू. १९३९ मध्ये गांधीजी हा कारखाना पाहायला आले. फाळणीच्या वेळी हमीद इथेच राहिले. हे सगळं पोस्टरवर छान दिसेल. म्हणूनच सांगतो, पोस्टर काढू नका. हमीदांच्या घराण्याचं खरं काम पोस्टरवर मावणारं नाही, कारण ते शोधाचं नसून वापराचं आहे. ज्याला उपयोजित संशोधन म्हणतात आणि ज्याला आपल्याकडे दुय्यम समजतात, ते.

आधी कायदा समजून घ्या. त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे इंग्रजांचा १९११ चा पेटंट कायदा चालू होता. औषधाचं पेटंट ज्याच्याकडे, तोच ते विकणार आणि तोच भाव ठरवणार. बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांची होती. भारतातल्या औषधांचे भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांत मोडतात, अशी नोंद अमेरिकी सिनेटच्या केफॉवर समितीने केली होती. म्हणजे गरीब देश, पण औषधं श्रीमंतांच्या दराची. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये यावर अहवाल दिला. त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला आणि १९७२ मध्ये लागू झाला. औषध, अन्न आणि रसायनं यांच्या बाबतीत वस्तूचं पेटंट मिळणार नाही, फक्त ती बनवण्याच्या पद्धतीचं मिळेल, असं या कायद्याने ठरवलं. औषधांच्या बाबतीत त्याची मुदतही तोकडी, जास्तीत जास्त सात वर्षं. एखादं औषध तुम्ही वेगळ्या रीतीने बनवून दाखवलंत, तर ते तुमचं.

ही 'वेगळी रीत' म्हणजेच संशोधन. लोकांना वाटतं, नक्कल काय, कोणीही करेल. करून बघा! एक रेणू आहे. तो कसा दिसतो हे ठाऊक आहे, पण तो बनवण्याचा ज्ञात रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा आहे. आता दुसरा रस्ता शोधा. तो स्वस्त हवा, इथे मिळणाऱ्या कच्च्या मालातून जायला हवा, त्यात घातक अशुद्धी उरता कामा नये आणि चंबूत जे जमलं ते हजार लिटरच्या टाकीतही जमलं पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने अनेक वर्षं हेच केलं. एड्सवरचं झिडोव्ह्युडिन घ्या. त्याची भारतीय पद्धत हैदराबादला ए. व्ही. रामाराव यांच्या हाताखाली, सरकारी पैशातून तयार झाली. ती हमीदांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी उचलली आणि १९९३ मध्ये सिप्लाने औषध बाजारात आणलं.

त्यानंतरची गोष्ट जगाला माहीत आहे, आपल्या ग्रुपला नाही. २००० च्या आसपास एड्सची तीन औषधांची मात्रा एका रुग्णाला वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरला पडत होती. आफ्रिकेत माणसं मरत होती आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने स्वस्त औषधांसाठी कायदा केला म्हणून ३९ औषध कंपन्या त्या सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये युसुफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेला भाव दिला: वर्षाला ३५० डॉलर. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. शिवाय तिन्ही औषधं एकाच गोळीत. ती एक गोळी अमेरिकेत किंवा युरोपात कोणाला काढता येत नव्हती, कारण तिघांची पेटंटं तीन वेगळ्या कंपन्यांकडे होती. शास्त्र तिथेही होतं, अडवणूक कागदाची होती. एप्रिलमध्ये त्या ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला.

आणि हमीदांना काय म्हटलं गेलं? समुद्री चाचे. चोर. यांनी आयुष्यात संशोधन केलं नाही, असंही. हा आरोप आपल्या विद्यापीठांतही वेगळ्या शब्दांत ऐकू येतो: मूलभूत विज्ञान म्हणजे खरं विज्ञान, बाकी कारागिरी. कारागिरांच्या वस्त्यांतून आलेल्या आपण तरी हे मुकाट्याने ऐकून घेऊ नये. म्हशीच्या दुधाची पावडर होणार नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत असताना आणंदला एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. मैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेने त्याच दुधातून बाळांचं अन्न तयार केलं. यात नवा सिद्धान्त कोणता? कोणताच नाही. पण डबा आपला झाला.

सिप्ला म्हणजे फरिश्त्यांची पेढी असं कोणी समजू नये. याच कंपनीवर सरकारच्या औषध किंमत यंत्रणेने जादा दर घेतल्याचा दावा लावला आणि तो वाद कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळला. कंपनी ही कंपनीच. मुद्दा कायद्याचा आहे. तो कायदा होता म्हणून एका व्यापाऱ्याचा फायदा आणि रुग्णाचा जीव एका दिशेला गेले.

तो कायदा आता तसा उरलेला नाही. जागतिक व्यापार कराराच्या अटीमुळे १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या वस्तूलाच पेटंट मिळू लागलं, तेही वीस वर्षांचं. संसदेने थोड्या फटी शिल्लक ठेवल्या. जुन्याच औषधाचा किरकोळ बदललेला अवतार नव्या पेटंटला पात्र नाही, हे कलम ३(ड) त्यातलं. त्याच्याच आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकबाबत नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. दुसरी फट सक्तीच्या परवान्याची. २०१२ मध्ये बायरच्या कर्करोगावरच्या एका औषधासाठी हैदराबादच्या नॅटकोला असा परवाना मिळाला. महिन्याला २ लाख ८० हजारांच्या घरातलं औषध ८,८०० रुपयांवर आलं. त्यानंतर असा परवाना एकही नाही. एकही!

आता आपल्या मोहल्ल्याकडे या. रमजानमध्ये कर्करोगाच्या रुग्णांसाठी पैसे जमतात. लोक खिशाबाहेर जाऊन देतात, ट्रस्टचे कार्यकर्ते रात्री रात्री टाटाच्या फुटपाथवर रुग्णाच्या नातेवाइकांसोबत बसतात. या खैरातीबद्दल मला आदरच आहे. पण बिल भरणाऱ्यांपैकी कोणी कधी विचारलं का, की ही बाटली एवढी महाग का? बनवायला एवढा खर्च येतो म्हणून, की पेटंट आहे म्हणून? दुसरं उत्तर खरं असेल, तर आपण जमवलेला रुपया रुग्णाच्या हातून थेट मक्तेदाराच्या गल्ल्यात जातो. आपला सदका आणि त्याचा नफा. पुढच्या रमजानमध्ये परत तेच.

पेटंट मिळण्याआधी त्याला हरकत घेण्याचा हक्क आपल्या कायद्यात कोणत्याही व्यक्तीला आहे. वकील किंवा कंपनी असण्याची गरज नाही. टीबीवरच्या बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्यांत मुंबईची एक आणि दक्षिण आफ्रिकेची एक अशा दोन तरुणी होत्या. दोघींना टीबी होऊन गेलेला, दोघींचं ऐकणं जुन्या उपचारांत गेलेलं. गोवंडीत, बैंगनवाडीत, शिवाजीनगरात औषधांना न जुमानणारी टीबी काय करते हे आपण घराघरात पाहतो. मग त्या अर्जाच्या पानांवर गोवंडीचं एखादं नाव का असू नये? घाई करा, कारण मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी या हरकतीलाही फी लावली आणि ती दाखल करून घ्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार पेटंट नियंत्रकाला दिला. दार बंद झालेलं नाही, पण बिजागऱ्या घट्ट केल्या आहेत.

नेतृत्वाबद्दलही बोलायला हवं. १८९७ च्या प्लेगमध्ये मूळच्या ओडेसाच्या वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरले होते, अफवांना ऊत आला होता. तेव्हा विशीतल्या आगाखान तिसरे यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपली माझगावची खुशरू लॉज दिली आणि खोजा जमातीसमोर स्वतः लस टोचून घेतली. जमातीतल्या हजारोंनी मग ती घेतली. त्याच्या सव्वाशे वर्षांनंतर, २०२१ मध्ये, मालेगावात कोविडची लस मागे पडली, तेव्हा आपले किती पुढारी सभेत बाही वर करून उभे राहिले? काही राहिले, त्यांना सलाम. बाकीचे आपलं इंजेक्शन गुपचूप घेऊन घरी बसले आणि गल्लीतल्या अफवांवर हसले.

औषध आपल्याकडे स्वस्त बनतं एवढ्याने भागत नाही, हेही भायखळ्यालाच ठाऊक असायला हवं. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होतं. लेंटिन आयोगाने सगळी साखळी उघडी केली. आणि २०२२ मध्ये गांबियात भारतातून गेलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये तेच विष सापडलं, मुलं गेली. चाचणी अवघड नाही, रसायनशास्त्राच्या पदवीधराला जमेल अशी आहे. ती करायला माणूस नेमलेला नव्हता, किंवा नेमलेला होता आणि सही आधीच झाली होती. 'जगाचं औषधालय' म्हणून मिरवणाऱ्यांना हा प्रश्न चावला पाहिजे.

आणि भिवंडी? मालेगाव? यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तास उभा राहणारा माणूस चाळिशीत टीव्हीचा आवाज का वाढवतो, हे त्याच्या मुलांना माहीत असतं. कापसाच्या धुळीने फुप्फुसं धरतात, त्या आजाराला नाव आहे, बिसिनोसिस. घाटकोपरला कापडाची संशोधन संस्था आहे, अहमदाबादला व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. गरिबाच्या शेडला परवडेल असा धूळ ओढणारा पंखा आणि मागाचा खटखटाट कमी करणारी बैठक, या विषयावर पीएचडी करायला भिवंडीचा मुलगा गेला, तर त्याला प्रश्न पुस्तकात शोधावा लागणार नाही.

पण त्याला खायला काय घालणार? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या पीएचडीसाठी २००९ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं, ती बंद करत आहोत, कारण ती इतर योजनांशी एकमेकांत मिसळते. जो मुस्लिम विद्यार्थी ओबीसी यादीत नाही, त्याच्यासाठी कोणती योजना कशात मिसळत होती, ते कोणी सांगितलं नाही. पाच वर्षं लागणाऱ्या प्रयोगाचा खर्च पोरगा शिकवण्या घेऊन काढू शकत नाही. त्याची बहीण तर त्याआधीच थांबवली जाते. सरकारने फेलोशिप काढून घेतली, हे खरं. पण एमबीबीएस नाही मिळालं तर बीएस्सी 'वाया', असं म्हणणारे मामू आणि खालू सरकारने नेमलेले नाहीत.

राज्याने २०२४ मध्ये बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी मार्टीची घोषणा केली. पुढची निवेदनं घेऊन जाणाऱ्यांनी तिथे एकच आकडा लेखी मागावा: स्पर्धा परीक्षांच्या क्लासला किती जागा, आणि रसायन, सूक्ष्मजीव, अन्नप्रक्रिया आणि कापड यांत पीएचडी करणाऱ्यांना किती. उत्तर महिनाभरात आलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा असतो.